भट्टीच्या माथ्यावरची बोलणी

ओंद्रेय हलुष्का अमेरिकेतल्या एका पोलादाच्या कारखान्यात युनियन उभी करायला निघाला होता आणि त्याचं घोडं दगडी कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्ट्यांपाशी अडलं होतं. पोलाद लाटणारी रोलिंग मिल त्याच्या मुठीत होती, कारण तिथं सगळे त्याच्यासारखेच स्लोव्हाक. भट्ट्यांवर सगळे काळे मजूर. भट्ट्या चालू राहिल्या तर संप म्हणजे नुसती बोंब, हे मालकही जाणून होता.

म्हणून पाळी सुटल्यावर तो एझ्रा पेटवेला भेटायला थेट भट्टीच्या माथ्यावर चढला. भट्टीवाले पेटवेच्या शब्दाबाहेर नव्हते. पण अर्धं आयुष्य त्याच कारखान्यात काढलेल्या ओंद्रेयला तिथली फरशी चामडं जाळते हेसुद्धा माहीत नव्हतं. तिथली माणसं बुटांखाली लाकडाचे जाड तळवे बांधतात. हा आपला मिलमधल्या बुटांनिशी आलेला. थोड्याच वेळात तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला.

"नाच झकास आहे," पेटवे म्हणाला. "लग्न कुणाचं?"

"तुम्ही सगळे युनियनमध्ये या. तुला उपाध्यक्ष करतो."

"एकोणीस सालच्या संपात तुमच्या युनियनने आम्हाला दारात उभं केलं नाही. मग मालकाने संप फोडायला गाडीत भरून आणलं, तर आम्ही गद्दार. मीही त्याच गाडीतून आलोय, बाबा."

"माझ्या भावाचं डोकं फुटलं त्या संपात."

"माझ्याही भावाचं फुटलं. तुमच्याच माणसांनी फोडलं."

ओंद्रेयने पुन्हा पाय बदलला. पाय भाजत होते, पण आता खाली उतरला तर बोलणं कायमचं संपेल एवढं त्याला कळत होतं.

"उपाध्यक्षाची खुर्ची घाल चुलीत," पेटवे म्हणाला. "मिलमधली क्रेन चालवायची पुढची जागा ज्याची नोकरी जुनी त्याला मिळेल. कातडं बघायचं नाही. हे तुझ्या लोकांसमोर बोल. मग बघू."

पुढची क्रेन युराय नावाच्या माणसाला मिळणार होती. युराय म्हणजे ओंद्रेयच्या बायकोचा सख्खा भाऊ.

गोऱ्या मजुरांचे पुढारी भाषणात 'सगळे कामगार भाऊ' म्हणतात. म्हणायला काय जातं? भाऊ म्हटलं की वाटणी आली, आणि वाटणीची वेळ आली की हेच पुढारी घसा बसल्याचं सोंग करतात. ओंद्रेयनेही आठवडाभर ते सोंग करून पाहिलं. बायकोला काही सांगितलं नाही.

रविवारी स्लोव्हाक मंडळाच्या हॉलमध्ये सभा भरली. पेटवे आणि त्याची माणसं दारापाशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेनात. ओंद्रेय उठला आणि क्रेनचं बोलून मोकळा झाला.

युराय ताडकन उभा राहिला. "दाजी, ती क्रेन माझी आहे. फोरमनने शब्द दिलाय."

"फोरमनला तू काय दिलंस?"

"नाताळला डुकराची मांडी आणि बाटली. सगळेच देतात. तुम्ही नाही दिली?"

"दिली. म्हणून तर तो आपला बाप होऊन बसलाय."

"आज ताई तुमच्या ताटात काय वाढते बघू."

"काही वाढणार नाही ती," ओंद्रेय म्हणाला.

दोघेचौघे हसले. युराय हसला नाही. त्याने टोपी उचलली, दारातल्या माणसांना खांद्याने बाजूला सारलं आणि निघून गेला. त्याच्यामागे त्याचं अख्खं बाकडं उठलं. त्यात ओंद्रेयच्या लग्नात वाजवणारे होते, त्याच्या पोराचा धर्मपिताही होता. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

उरलेल्यांनी हात वर केले. काहींनी जमिनीकडे बघत केले, पण केले. ठराव झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मग पेटवे टेबलापाशी आला आणि सभासदत्वाच्या कार्डांची चळत त्याने पुढे ओढली.

"आभार मानू नकोस," तो म्हणाला. "क्रेन रिकामी झाली आणि आमचा जुना माणूस डावलला, तर आम्ही भट्ट्या तुझ्याविरुद्ध बंद करू."

"करा," ओंद्रेय म्हणाला. "मीही तुमच्याबरोबर बाहेर उभा राहीन."

"ते तेव्हा बघू," पेटवे म्हणाला, आणि खाली वाकून त्याने पहिल्या कार्डावर सही केली.

ओंद्रेयला आता घरी बायकोसमोर जायचं होतं. तो खुर्चीवरून उठला नाही.