बुजवलेली बिळं

फर्खंदेखालाचा सगळा जीव तिच्या कोंबड्यांत. अंगणाची भिंत हिवाळ्यात ढासळली, तेव्हापासून त्या घरामागच्या खारट माळावर मोकाट फिरायच्या. आणि नेमकी तिथंच वाळवंटी उंदरांची बिळं. या उंदरांत सालकाचा रोग असतो. वाळूमाशी आधी त्यांना चावते, मग माणसाला, आणि माणसाला उठलेला फोड वर्षभर चिघळून जन्माचा वण ठेवून जातो. इस्फहानच्या त्या बाजूला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वसंतात आरोग्य केंद्राचा यदुल्ला आला. त्याची रीत ठरलेली. आज सगळी बिळं मातीनं बुजवायची आणि उद्या जी पुन्हा उकरलेली दिसतील, तेवढ्यांतच विषारी गहू टाकायचा. कोंबड्या तो गहू उकरून खातील, या धास्तीनं खाला दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीच माळावर पोचली आणि उघडी बिळं पायानं दाबून सारखी करून आली. यदुल्लानं पाहिलं, उंदीर गेले असं समजला आणि पुढच्या गल्लीकडं वळला. खालाला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

उन्हाळा सरला आणि शेजारच्या मोनीरच्या लेकीच्या, पूनेच्या गालावर फोड उठला. औषधाची सुई थेट फोडातच टोचायची. पोरीचं रडणं खालाला दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं.

एके दिवशी मोनीर पोरीला घेऊन अंडी मागायला आली आणि यदुल्लाचा उद्धार करू लागली. मेला कामचुकार, नेमका आमचाच माळ सोडला, उद्या केंद्रात जाऊन त्याची नोकरीच घालवते, म्हणाली. खाला खाली मान घालून अंडी पुसत बसली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण पूने आईनं डोक्यावरून पांघरलेल्या चादरीत गाल लपवत होती. ते पाहून खालाला स्वतःचीच किळस आली.

"त्याला नको बोलूस," ती म्हणाली. "उघडी बिळं मी बुजवली. कोंबड्या मरतील म्हणून."

 आता मोनीर चारचौघांत आपले वाभाडे काढणार, असं खालाला वाटलं. काढले असते तर बरं झालं असतं.

"मला का नाही सांगितलंस, खाला?" मोनीरचा आवाज चढलाच नाही. "आमचा गोठा रिकामाच होता. चार दिवस तुझ्या कोंबड्या तिथं कोंडल्या असत्या."

अंडी तिथंच ठेवून ती पोरीला घेऊन गेली. शेजारणीला नुसतं विचारावं, हे खालाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.