सालीच्या रंगाचा दोरा

पेइ-रुंगने कात्रीचं थंड पातं मानेला लागू न देता दोऱ्याखाली सरकवलं आणि एका झटक्यात तो कापला. लाल नायलॉनचा दोरा न्हाणीच्या पाण्यात पडला. पाच वर्षांच्या सुइसुइच्या गळ्याभोवती पुरळाची बारीक रेघ उठली होती.

"बघा आमा, हा असला केमिकलचा रंग. म्हणून पोरगी दिवसभर खाजवत होती."

दारात आमा, तिची सासू, उभी होती. पालेभाजी निवडता निवडता उठून आलेली.

"कापलास?"

"नवा करते ना. सुती."

"देवळातला होता तो, पोरी."

"तुमचा देव म्हणजे झाडच ना? मग झाडाला नायलॉन कशाला लागतं?"

एरवी अशा टोल्याला आमाचा टोला तयार असे. आज ती पाण्यातल्या दोऱ्याकडे बघून पुन्हा भाजी निवडायला गेली.

सुइसुइ जन्मली ती मूठभर, कावीळ घेऊनच. तेव्हा आमाने तिला देवळामागच्या कापराच्या झाडाच्या ओटीत घातलं होतं. गावात अशी मुलं पुष्कळ. वाढदिवसाला देवळातून नवा दोरा मिळे, सोळाव्या वर्षी तो कायमचा उतरे. पेइ-रुंगची त्याला ना नव्हती. झाड हा मुलीचा मानलेला बाप, हे तिला आवडलंच होतं. तैपेई सोडून यीलानच्या या भातखाचरांत ती आली होती ती असल्याच गोष्टींसाठी. बदकं तण खातील, मुलगी अनवाणी वाढेल, घरात प्लॅस्टिक येणार नाही. आमाचं जुड्या बांधायच्या लाल प्लॅस्टिक दोरीचं रीळसुद्धा तिने शेडमध्ये हद्दपार केलं होतं.

तिने हाताने सूत वळलं, डोंगरातला कंद उकळून त्यात बुडवलं. रंग सुरेख उतरला. ओल्या सालीसारखा तपकिरी.

सुइसुइ आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हा दिसत नाही, आई."

"मला तर दिसतोय."

"तुला नाही गं."

*

फोनवरच्या आयांच्या गटासाठी ती रोज दोन-चार ओळी लिहायची.

मंगळवार. पुरळ गेलं. तिसरं वर्ष, अजून एकही सर्दी नाही.

बुधवार. भूक कमी. पाणी मात्र तांब्यावर तांबे.

गुरुवार. चेहऱ्यावर तेज. ऊन आवडतं. हाक मारली की उशिरा ओ देते.

शुक्रवार. दाराच्या खांबावर उंची मोजली. दोन बोटं वाढली. सोमवारपासून?

शेवटचा शब्द आणि त्याचं प्रश्नचिन्ह तिने पाठवताना गाळलं. खाली आयांची रांग लागली. काय खाऊ घालतेस गं? आम्हालाही सांग.

*

शनिवारी दुपारी सुइसुइ खाचरात उभी होती. पोटरीपर्यंत चिखलात, तळवे वर करून, तोंड थेट सूर्याकडे. बदकं तिच्या अंगाला घासून जात होती, खांबाला घासावीत तशी. वारा नव्हता. भाताचं एक पातं हलत नव्हतं. पण देवळामागे कापराचा शेंडा सळसळत होता.

"सुइसुइ, जेवायला चल."

"जेवतेय."

ओठ हलले, पापणी हलली नाही.

"आमा!" पेइ-रुंगचा आवाज चिरकला. "आमा, बाहेर या!"

आमा आली. बांधावर उभी राहून तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"तुला काय वाटलं, दोरा तिला झाडाशी बांधायला असतो?"

"मग कशाला?"

"म्हातारा आहे तो. नजर अधू. जे जे जमिनीतून वर येतं ते सगळं आपलंच, असं धरून चालतो. लाल तेवढं त्याला वेगळं दिसतं. ही माणसांची आहे, सांभाळायला दिलीय, परत द्यायचीय, एवढं कळावं म्हणून लाल. आणि तू तिला साल नेसवलीस."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर गटात लिहिलं असतंस, सासू अडाणी आहे म्हणून. जा आता, लाल आण. कुठलंही लाल."

पेइ-रुंग घरात धावली. पडदे मातीच्या रंगाचे. चादरी कोंड्याच्या रंगाच्या. सुइसुइचे कपडे पानांच्या, काडांच्या, राखेच्या रंगाचे. तीन वर्षांत तिने एकेक करून सगळं वेचून आणलं होतं. त्यात लाल म्हणावं असं एक बटणही नव्हतं.

मग तिला शेड आठवली.

रीळ घेऊन ती चपलांसकट चिखलात उतरली. दोरी दातांनी तोडली, तपकिरी सूत ओरबाडून काढलं आणि मुलीच्या गळ्याभोवती गाठ मारली. मुलीला काखेत धरून ओढलं. पाय लगेच सुटेनात. पुन्हा ओढलं. खाली कुठेतरी काहीतरी तुटावं तसा आवाज झाला आणि दोघी बांधावर आदळल्या.

सुइसुइ शिंकली. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"आई, खाजतंय इथे."

पेइ-रुंग मोठ्याने हसली. हसताना तिच्या नाकातून पाणी आलं. देवळामागे कापराचं झाड एकदम थांबलं.

*

शनिवार. शिंका तीन. गळ्याला पुरळ.

एका आईने लिहिलं, अरेरे.

*

आमाने घंगाळात पाणी ओतलं. पेइ-रुंग मुलीचे पाय धुऊ लागली. चिखल निघाला. बोटांच्या फटींत पांढरे बारीक धागे अडकले होते. भाताची मुळं, ती म्हणाली, आणि एकेक निपटून काढू लागली. सुटी होती ती निघाली. करंगळीजवळचं एक निघेना. तिने ते चिमटीत धरून ओढलं.

"आई गं! दुखतंय!"

पेइ-रुंगची चिमूट सुटली.

आमाने कात्री पुढे केली. पेइ-रुंगने ती घेतली. पायाकडे नेली नाही. रिळातून आणखी हातभर लाल दोरी ओढून कापली आणि सुइसुइच्या घोट्याभोवती गुंडाळू लागली.