न वाजता दिलेलं बोलावणं

मी जेवणाची घंटा बोलतेय. ओतीव पितळेची, लाकडी मुठीची आणि आवाजाच्या बाबतीत जराशी आगाऊ. मला घडवणारा कारागीर कानात बोटं घालून म्हणाला होता, "ही कुंभकर्णालाही उठवील!" मी फुशारले.

माझी उमेदीची वर्षं गेली एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. तिथले आचारी म्हणजे आमचे बाबा. स्वयंपाक उतरला की ते मला दणदणून वाजवायचे आणि पोरं जिना हादरवत खाली यायची. भुकेनं धावत येणारं पोर दिसलं की बाबांचं पोट निम्मं भरायचं. ते निवृत्त झाले तेव्हा वसतिगृहानं त्यांना मलाच भेट दिलं. तेव्हापासून मी वर्षातून एकदाच वाजायचे, नाताळच्या जेवणाला.

पण बाबांची थोरली लेक, ताई, माझ्या आवाजानं यायची नाही, पळून जायची. ताई स्वमग्न आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते, स्वतःच्या खोलीत एकटी राहते, तिचं सगळं छान चाललेलं असतं. नाताळला मात्र लुकलुकणारे दिवे, एकमेकांच्या वरताण बोलणारी माणसं, गळ्यात पडणारे पाहुणे आणि वर मी! नातेवाईक म्हणायचे, "एवढी मोठी झाली, तरी नखरे संपेनात."

गेल्या वर्षी बाबांनी शक्कल लढवली. माझ्या लोलकाला लोकरीचा मोजा बांधला आणि ताईच्या पाठीमागे उभं राहून मला हळूच वाजवलं. "बघ, आता नाही ना त्रास होत?"

ताईच्या हातातलं भांडं पडलं. कोट चढवून ती न जेवताच निघून गेली. बाबा कितीतरी वेळ त्या मोज्याकडे बघत बसले.

यंदा तिचा फोन आला, "मी येणार नाही." बाबांचा चेहरा उतरला. जन्मभर लोकांच्या पोरांना जेवू घातलेला माणूस, आणि सणाला स्वतःची लेक पानावर नाही.

"अगं, मोजा दुप्पट जाड बांधतो!"

"बाबा, आवाज लहानच होता. पण कधी येणार ते माहीत नव्हतं. सकाळपासून त्याचीच धास्ती. मग घास उतरणार कसा?"

बाबा खुर्ची ओढून बसले. "बरं, तूच सांग. कसं करू?"

तो फोन बराच लांबला.

नाताळला ताईच्या भावानं दिव्यांची लुकलुक बंद केली. आई दारातच प्रत्येकाला बजावत होती, "तिला मिठी मारू नका हं, लांबूनच हात हलवा." मागची खोली मुद्दाम मोकळी ठेवली होती. आणि बाबांनी माझा लोलक चिमटीत गच्च धरला, मला उंच केलं आणि सगळ्या खोल्यांतून मिरवून आणलं. एक टिणकारसुद्धा नाही! माणसं मला बघायची, हसायची आणि टेबलाकडे निघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ताई आली, दाराजवळच्या खुर्चीत बसली, आणि माझा रुसवा पळाला.

जेवता जेवता ती उठली. मागच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं.

"आता काय बिनसलं?" काका म्हणाले.

"काही नाही. येईल तिची ती," आई म्हणाली आणि ताईच्या ताटावर झाकण ठेवलं.

बाबा मात्र मला मांडीवर घेऊन, लोलक धरून बसलेले. घास त्यांनाही जात नव्हता.

दार उघडलं. ताई येऊन बसली. झाकण काढलं, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि पुढे सरकवलं.

"बाबा, वाढा ना अजून."

बाबांनी मला शेजारच्या उशीवर ठेवलं, इतक्या हलक्या हातानं की मी हूं की चूं केलं नाही. डोळे पुसले आणि वाढायला उठले.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असते. वाजायची हौस अजून फिटलेली नाही. तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल, तिला खुशाल वाजवा. फक्त आधी सांगा. आणि जेवता जेवता कोणी उठून गेलं, तर त्याचं ताट तेवढं उचलू नका.