युरेनियम चढण्याची वाट बघणारा लेथ

मित्रांनो, सकाळी वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या ज्याच्या डोक्यावर तुम्ही जेवणाचे डबे ठेवता, तो मी. मी एक जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र आहे. रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापूरच्या या प्रशिक्षण केंद्रात येऊन मला बराच काळ झाला, पण आपली नीट ओळख काही झालेली नाही. तुम्ही मला पाठीमागं ‘थरथरं म्हातारं’ म्हणता, तेही माझ्या कानावर आलं आहे. त्याचा मला राग नाही. मी खरंच थरथरतो. पण का थरथरतो, आणि फाटकात टेम्पो थांबला की माझा जीव का वरखाली होतो, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म दूर पंजाबात, बटाल्याला झाला. तिथल्या कारागिरांनी माझा बेड, म्हणजे ज्यावरून हत्यार पुढंमागं सरकतं ती माझी लांब पाठ, इतकी सरळ घासली होती की तिच्यावर ठेवलेली पट्टी केसभरही उचलायची नाही. ट्रकमधून मी शिरोली एमआयडीसीत आलो. तिथं कृष्णात पाटील नावाच्या तरुणानं पत्र्याच्या एका शेडमध्ये मला उभं केलं. शेडमध्ये दुसरं मशीन सोडाच, पंखासुद्धा नव्हता.

त्या शेडमध्ये माझं सगळं तारुण्य गेलं. आसपासच्या फौंड्र्यांतून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे ओबडधोबड पंप यायचे आणि माझ्याकडून ते गुळगुळीत होऊन जायचे. कृष्णात मापपट्टी नंतर लावायचा, आधी कान द्यायचा. माझा आवाज जरा बदलला की, “थांब रं गड्या, दमलास काय?” म्हणून तो हत्यार मागं घ्यायचा. पुढं त्यानं नईमला कामाला ठेवलं. नईमही भला माणूस, पण शिफ्ट संपली की मला पुसायचं काम कृष्णात कुणाला देत नसे. मोठ्या कंपनीचा साहेब एकदा तयार माल बघून म्हणाला, “पाटील, हे कुठल्या नव्या मशीनवर केलंत?” कृष्णातनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी लोखंडाचा असून लाजलो, मित्रांनो.

वय कुणाला चुकलंय? माझा बेड झिजला आणि मी थरथरू लागलो. माल एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरू लागला. बेड पुन्हा घासून घ्यायला हवा होता आणि कृष्णातनं त्यासाठी पैसे बाजूला काढलेही होते. मी अगदी नवरदेवासारखा हुरळून गेलो होतो.

तेवढ्यात चहाच्या गाड्यावर युरेनियमचा विषय निघाला. जगाला वीज पुरेना, संगणकांच्या मोठमोठ्या कोठारांना तर रात्रंदिवस लागते, म्हणून देशोदेशी अणुवीज केंद्रं उभी राहणार. त्यांना युरेनियम लागणार. तेव्हा युरेनियमच्या खाणी काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या आणि निवांत बसा. आपल्याकडच्या खाणी सरकारी, म्हणून कॅनडातल्या एका कंपनीचं नाव पुढं आलं. कृष्णातला हे झटकन पटलं, कारण तो शिरोलीचा होता. बीड स्वस्त असताना अंगणात भरून ठेवायचं आणि भाव चढला की मिशीत हसायचं, ही तिथली जुनी चाल. शेअर म्हणजे तसलाच ढीग, असं त्यानं धरलं.

त्याची मुलगी स्वप्नाली बँकेत नोकरीला. तिनं कंपनीचे कागद वाचले आणि शेडमध्येच येऊन सांगितलं, “आबा, ह्या कंपनीनं अजून एक पाटी माती काढलेली न्हाय. परवानगीच मिळायची हाय तिला.”

“मग? युरेनियम जमिनीत हाय न्हवं? का पळून जातंय?”

“युरेनियम न्हाय पळत. पण पैसे संपले की कंपनी नवे शेअर काढती. तुमचा वाटा बारीक व्हतो.”

“आपला ढीग आपल्या नावावर हाय. तो कसा बारीक व्हईल?” कृष्णात हसला. नईमनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा पंप चढवायला घेतला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळे पेढे खायला बाहेर गेल्यावर कृष्णात माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “तुजं पैसं यंदा तिकडं लावतोय. वरीसभर दम धर. दुप्पट झालं की बेडच काय, मोटरसुद्धा नवी बसवतो तुला.” मला बोलता येत असतं तर मी काय बोललो असतो? मोटर नको, तू तेवढा जवळ राहा, एवढंच. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यानं सौदा केला.

सुरुवातीला भाव चढला आणि शेडमध्ये जिलेबी आली. मग तो उतरायला लागला. कंपनीनं नवे शेअर काढले, तेव्हा आणखी घसरला. इकडं माझी झीज वाढत होती. “भाऊ, पयलं बेडचं बघा की. माल परत यायला लागलाय,” नईम सांगून सांगून दमला आणि शेवटी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला गेला. जाताना त्यानं मला तेल घातलं. ते शेवटचं तेल बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं मी.

पुढं शेडचं भाडं थकलं. एका संध्याकाळी बापलेकीचं जोरात वाजलं.

“शेअर विका, आबा. जे येतील त्या पैशात बेड करून घ्या. नईमचाचाला परत बोलवू.”

“पडत्या भावात माल इकायचा नसतो! खुळी का काय तू? मशीन इकू. शेअर वर आलं की असली दहा मशीनं घेऊ.”

“हे मशीन रोज भाकरी देतंय.”

“देत हुतं,” कृष्णात म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या हातून घण पडतात, हत्यारं मोडतात, माल पकडणाऱ्या माझ्या चकावर मार बसतो. मी चूं करत नाही. पण त्या दोन शब्दांनी मला जे लागलं, ते अजून दुखतं.

असा मी इथं विकला गेलो. टेम्पोत चढवताना कृष्णात माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “शेअर वर आलं की न्यायला येतोच. तिथल्या सरांस्नी सांगून ठेवलंय.” त्याचे डोळे भरले होते. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर मी वाट बघत राहिलो. सरांच्या मोबाइलवर बातम्या लागल्या की तुम्ही जांभया देता. मी मात्र कान टवकारून ऐकायचो. कुठल्या देशानं नवी अणुभट्टी मंजूर केली, कुठली बंद पडलेली पुन्हा सुरू झाली, सगळं मला पाठ. अणुविजेचं माझ्याइतकं भलं चिंतणारा लेथ साऱ्या हिंदुस्थानात सापडायचा नाही. भाव चढावा आणि फाटकात त्याचा टेम्पो यावा, एवढंच माझं मागणं होतं.

मागच्या आठवड्यात तो आला. तुम्ही सगळे होतात. टेम्पो नव्हता, मोटारसायकलवर एकटाच आला. केस पांढरे झालेत, पण चाल तीच. मी चालू असतो तर त्या आनंदात नक्की माल बिघडवला असता. तो सरळ माझ्याजवळ आला आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. “बघ, गड्या. घेतलेल्या भावाच्या वर गेलंय. म्हनलं हुतं का न्हाय?”

आपली मोना पुढं झाली. “काका, मग आता नेणार व्हय ह्याला?”

“आत्ता? आत्ता कोन इकतंय? अजून लई चढणार हाय. जरा कळ काढायची.”

“मग एकदा चालू करून तरी बघा की.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. हात अर्धा उचललाही होता. मग त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली आणि म्हणाला, “नगं. घरी पोचेस्तोवर तिकडं कॅनडाचं मार्केट उघडंल.”

मोटारसायकलचा आवाज रत्नागिरी रस्त्यावर विरेपर्यंत मी ऐकत होतो. भाव उतरला तेव्हा त्यानं मला विकलं, आणि आता चढलाय तर तो येत नाही. मी आता कुठली बातमी मागू?

तुम्हीही उद्या कमवाल, पैसे लावाल. जरूर लावा. जगाला वीज हवीच आहे, मलाही तिच्याशिवाय फिरता येत नाही. पण ज्याच्यासाठी पैसे लावाल, त्याच्याकडं मधून मधून येऊन बघत जा. त्याला तेवढं पुरतं.

सर बातम्या लावतायत. मोना, त्यांना म्हणावं आज राहू द्या. माझ्या बेडला तेल दे, चकात माल बांध आणि चालू कर मला. थरथरेन थोडा, पण तू घाबरू नकोस.