लंकाबाईचे पाय

लासलगावच्या कांदा मार्केटात लिलाव थांबला की सावळीराम भुतांच्या गोष्टी काढायचा. इतकी खोटी भुतं त्याने जन्माला घातली की खरी त्या वाटेने जायला लाजत. भुताचे पाय उलटे असतात हे तर तो असं सांगे, जणू त्यांच्या चपला यानेच बेतून दिल्यात.

मग एके दिवशी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवं अंग लुळं पडलं आणि भाषा उसवली. शब्द कळत, पण कुणी कुणाला काय केलं ते निसटे. डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला, लंकाबाईला म्हणाल्या, "तुमचा लेक रोहित चहा प्यायला, हे कळेल त्यांना. चहा काही माणसाला पीत नाही! पण वाक्यात दोन माणसं आली की ते जगरहाटीवरून अंदाज बांधतील."

तो दवाखान्यात असतानाच एकुलता एक रोहित ओझरजवळ अपघातात गेला. सावळीरामाला कुणी सांगितलं नाही. इंदिरानगरच्या घरी आणल्यावर मात्र बहीण धोंडाबाई उशाशी बसून रडली, "दादा, आपल्या रोहितला लंकावहिनीनं अग्नी दिला रे!"

रोहित. लंका. अग्नी. जगरहाटी काय? पोरगा आईला अग्नी देतो.

लंका गेली! हंबरडा फोडायला त्याने तोंड उघडलं, तर दारात लंकाच चहा घेऊन उभी.

त्याची नजर तिच्या पायांवर गेली. सरळ होते. पण हुशार भूत पाय वळवून येतं, ही थाप त्याचीच. आता तीच मानगुटीवर बसली. मेलेल्याच्या हातचं खाऊ नये, हेही त्यानेच पसरवलेलं. त्याने कप दूर सारला. दुपारी ताटही सारलं.

"लंका... आग... तू..." एवढंच कसंबसं निघालं.

लंकाबाईचा चेहरा पडला. "तुम्हीसुद्धा? गल्लीतल्या बाया बोलल्याच, बाईमाणसानं अग्नी कसा दिला म्हणून. मग काय लेकराला तसंच ठेवायचं होतं? नका खाऊ माझ्या हातचं!"

म्हणाली, आणि तिथेच भिंतीशी मुसमुसत बसली. भूत रुसतं, हे त्याच्या कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

त्याने भीत भीत तिचा हात धरला. बोटांवर फोड होते, भाजल्याचे. मेलेल्याला कुठले फोड?

तिने त्याला आधार देत बाहेरच्या खोलीत नेलं. फोटोत रोहित हसत होता. फोटोला हार, पुढे दिवा.

"रोहित?"

तिने नुसती मान हलवली.

खाटेवर परतल्यावर सावळीरामाने मघाचा गार चहा डाव्या हाताने उचलला आणि तिच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग उंबऱ्याकडे बघत बसला. आता लेक उलट्या पायांनी आला तरी चालणार होतं.