झोपून काढलेला एक्स-रे

मी एक्स-रे बोलतोय. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्याचा. लोक मला पुरावा समजतात, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म तळघरातल्या एका थंडगार खोलीतला. फोटो काढणारा म्हणाला, "इथे सरळ उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या." मिस्त्रींनी उजवा पाय टेकवला मात्र, त्यांच्या कपाळावर घाम आला.

"उभं कशाला? झोपूनच काढा की राव, तेवढीच पाठ टेकेल."

बाहेर रांग होती. त्यानं हुज्जत घातली नाही. मिस्त्री टेबलावर आडवे झाले आणि मी जन्मलो.

माझ्यात हाडं दिसतात. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा मात्र उमटत नाही. हाडांमधली फट किती उरली, यावरून तिचा अंदाज बांधायचा. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भारच नसतो, त्यामुळे कूर्चा झिजलेली असली तरी फट ऐसपैस दिसू शकते. माझ्यात तशीच दिसली. मी खोटं बोललो नाही हो, पण मला विचारलंच अर्धवट होतं.

मग काय, मिस्त्रींनी मला कामाच्या पिशवीतच ठेवलं. "गुडघ्यात वंगण उरलंय का?" असं कुणी चिडवलं की ते मला खिडकीपाशी धरायचे. "बघ! एकदम टकाटक!" आणि पुन्हा गुडघे टेकून बसायचे. फरशी ठोकून बद्द, पोकळ आवाज आला तर ती लगेच उचलणारा हा माणूस, स्वतःच्या गुडघ्याची करकर मात्र खोकून झाकायचा. मला ऐकू यायचं सगळं. बोलणार कुणाशी?

पुढे एका मोठ्या सभागृहाचं काम आलं. दोन महिने जमिनीवर. गुडघा सुजू लागला. मिस्त्री गोळी घ्यायचे, दुखणं दबलं की दुप्पट काम करायचे. मला धडकी भरायची. आणि एका दुपारी गुडघा अडकला तो अडकलाच. सरळ होईना. दोघांनी धरून उठवलं.

बायको त्यांना हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी मला उजेडावर लावलं, मग गुडघा दाबला. मिस्त्री कळवळले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"हा काढला कसा? उभं राहून की झोपून?"

मिस्त्रींनी नजर वळवली. "उभं राहूनच."

मला ओरडावंसं वाटलं. माझ्या कोपऱ्यात नाव होतं, तारीख होती, पण झोपून काढलाय हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. आता हा माणूस माझ्याच भरवशावर पुन्हा जमिनीवर बसणार होता.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, काहीतरीच काय? टेबलावर डोळा लागला म्हणून घरी येऊन हसत होतात की!"

नवा फोटो निघाला, उभ्यानं. तो माझ्याशेजारी लागला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाडाला हाड जवळजवळ टेकलेलं.

"गेलेली कूर्चा मी परत आणू शकत नाही," बाई म्हणाल्या. "उरलेली सांभाळू. मांडीचे व्यायाम करायचे. गोळी खाऊन दुखणं दाबायचं नाही. आणि गुडघे टेकून काम बंद."

"मला माहीत होतं," मिस्त्री खाली मान घालून बायकोला म्हणाले. "उभा राहिलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. जमीन सोडून मला येतं काय?"

तिचे डोळे भरले. "भिंतीलाही फरशी लावता ना तुम्ही? ती उभ्यानंच लावतात."

त्यांनी तिथूनच मुकादमाला फोन लावला. "सभागृह दुसऱ्याला द्या. भिंती असतील तर मला सांगा."

आता मी बाईंच्या टेबलाच्या खणात असतो. कुणी "झोपूनच काढा" म्हणालं की त्या मला बाहेर काढतात. तुमच्यावर पाळी आली, तर सांगतील तसे दोन मिनिटं उभे राहा. नाहीच जमलं, तर निदान तसं सांगा तरी.

त्या दिवशी मिस्त्री कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. इतके महिने मला जिवापाड जपणारे ते, जाताना मला टेबलावरच सोडून गेले. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.