मागच्या काचा

जानेवारीत टिळक रोडच्या सिग्नलला मंदाकिनीबाईंनी गाडीचं दार उघडलं आणि त्या भर रस्त्यात उतरून चालू लागल्या. सिग्नल लाल होता म्हणून निभावलं. शरच्चंद्र गाडी तशीच सोडून त्यांच्यामागे धावले. दंडाला धरून त्यांना परत आणून बसवेपर्यंत सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"ते लोक आत बघत होते," मंदाकिनीबाई थरथरत म्हणाल्या. "मला न्यायला आलेत."

ते लोक म्हणजे स्कूटरवर बसून सिग्नल सुटायची वाट बघणारे कुठलेतरी नवरा-बायको.

मंदाकिनीबाईंना स्मृतिभ्रंश झाल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केलेली ही बाई, शेकडो नंबर तोंडपाठ असलेली, आता स्वयंपाकघरातून बाहेर आली की हॉल कुठला हे विसरायची. नवऱ्याला त्या आयुष्यभर 'अहो' म्हणत आल्या होत्या. अजूनही 'अहो'च म्हणत. पण हे नवऱ्याला म्हटलेलं 'अहो' की परक्या माणसाला म्हटलेलं, ते शरच्चंद्रांना हल्ली ओळखू येत नसे. विचारायची हिंमतही होत नसे.

त्या दिवसापासून त्यांनी बायकोला मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसवायला सुरुवात केली. मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, त्यामुळे ती आतून उघडत नसत. उतरून पळण्याची भीती गेली, पण मंदाकिनीबाईंची भीती गेली नाही. प्रत्येक सिग्नलला दुचाक्या काचेला खेटून उभ्या राहत आणि त्या पदरात तोंड लपवून सीटखाली सरकत. आठवड्यातून दोनदा डेक्कनच्या, अशाच रुग्णांसाठीच्या डे-केअरला न्यावंच लागे. सदाशिव पेठेतून तिथपर्यंतच्या वीस मिनिटांत शरच्चंद्रांचा शर्ट पाठीला चिकटे.

मग त्यांच्या मनात आलं, बाहेरचं दिसलंच नाही तर?

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ते गेले. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "काळी फिल्म आम्ही लावत नाही काका. पोलीस काढायला लावतात, दंड करतात तो वेगळाच."

"मागच्या दोनच काचांना हवी आहे. आजारी माणूस आहे."

"गाडीत कोण बसलंय ते पोलिसांना बाहेरून कसं कळणार? फिल्म असली की पकडणार."

शरच्चंद्र घरी आले. सेवानिवृत्तीपर्यंत त्यांनी तंत्रनिकेतनात यंत्रांची ड्रॉइंग शिकवली होती. अर्धा मिलिमीटर रेघ चुकली तर ते विद्यार्थ्याला अख्खा कागद पुन्हा काढायला लावत. आयुष्यात सिग्नल मोडला नव्हता. त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितले, फिल्मची गुंडाळी मागवली, सोबत रबरी पट्टी आणि कटर. पार्सल आलं तेव्हा काहीतरी चोरून आणल्यासारखं त्यांनी ते कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं.

दुपारी दीड ते तीन मंदाकिनीबाई झोपत. तेवढाच वेळ हाताशी होता. बुधवारी त्या झोपल्याची खात्री करून शरच्चंद्रांनी फ्लॅटच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि ते खाली पार्किंगमध्ये आले. कुलूप लावल्यावर दर वेळेसारखा त्यांनी क्षणभर दाराला कान लावला होता.

काच साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली. वर्तमानपत्राचा कागद लावून आकार घेतला, फिल्म कापली. मागचा पातळ थर सोलताना कळलं की या कामाला खरं तर चार हात लागतात. सोललेली फिल्म सुटी झाल्याबरोबर स्वतःलाच चिकटायला बघत होती. काच फवारून त्यांनी ती कशीबशी वरच्या कडेला टेकवली आणि पट्टीने पाणी काढायला घेतलं.

"सर, काय चाललंय?"

सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब पाठीमागे उभे होते. कोर्टातून निवृत्त झालेले; सदऱ्याच्या खिशात अजून दोन पेनं.

"काचेला जरा फिल्म लावतोय."

"काळी." आप्पासाहेबांनी चष्मा वर केला. "छान. पुण्याच्या पोलिसांना सध्या काम कमीच आहे, तेवढीच मदत."

शरच्चंद्र उत्तर देणार तोच वरून आवाज आला. धाड. मग पुन्हा धाड. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी आतून दार वाजवत होतं.

दोन्ही हात ओल्या फिल्मवर होते. सोडले तर फिल्म गेली, हे त्यांना स्पष्ट कळलं, आणि आपण त्याचा विचार करत क्षणभर थांबलो हेही कळलं. मग ते जिन्याकडे पळाले. वर मंदाकिनीबाई दाराशी उभ्या होत्या, केस मोकळे, दोन्ही तळवे लाल. "कुणी कोंडलं मला?" त्या विचारत होत्या. "अहो, तुम्ही बघितलंत का, कुणी कोंडलं?"

"नाही बघितलं," शरच्चंद्र म्हणाले.

तासाभराने खाली येऊन बघितलं तर फिल्म काचेच्या तळाशी गोळा होऊन चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदाकिनीबाईंनाच खाली आणलं, भिंतीशी खुर्ची टाकून बसवलं आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली हातात दिली. "मी सांगेन तेव्हा मारायचं." त्यांनी मान डोलावली आणि खरंच सांगितलं तेव्हा मारलं. एकदा काचेवर, एकदा शरच्चंद्रांच्या चष्म्यावर. त्यावर त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. त्या दुपारी डावी काच झाली, शनिवारी उजवी. एक बुडबुडा राहिला नाही, कडा काचेच्या कडेशी अगदी समांतर. चार दिवस काच खाली करायची नव्हती, म्हणून शरच्चंद्रांनी स्वतःच्या दाराजवळचं लॉकचं बटण दाबून मागच्या काचांची बटणं बंद करून ठेवली.

फिल्मचा उपयोग झाला. मंगळवारी डे-केअरला जाताना मंदाकिनीबाई सीटवर ताठ बसून राहिल्या. सिग्नलला दुचाक्या आल्या, काचेशी थांबल्या, गेल्या. त्यांचं लक्षही नव्हतं. आता घाबरायची पाळी शरच्चंद्रांची होती. चौकाचौकात पोलिसाचा पांढरा शर्ट दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

शुक्रवारी साताऱ्याहून नंदाचा फोन आला. नंदा मंदाकिनीबाईंची धाकटी बहीण. "भावजी, ताईला एकदा घेऊन या ना," ती म्हणाली. "मला ओळखतेय तोवर."

यावर नाही म्हणणं शक्य नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी शरच्चंद्रांनी काचा पुसल्या. वरची कड नीट बसली आहे का हे बघायला लॉक मोकळं करून मागच्या दारावरच्या बटणाने डावी काच दोन बोटं खाली घेतली, पुन्हा वर केली. कड उत्तम बसली होती. तेवढ्यात घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि ते तसेच वर गेले.

रविवारी सकाळी दहाला ते निघाले. नवले पुलाशी पोलीस होता. त्याने गाडीकडे बघितलं, मागच्या काचेकडे बघितलं आणि हात वर करणार तोच त्याच्यासमोर एक कंटेनर बंद पडला. शरच्चंद्र पुढे निसटले. पुढे दरी पुलापर्यंत त्यांचे कान तापलेले होते. मागे मंदाकिनीबाई गुणगुणत होत्या. मग कात्रजचा नवा बोगदा आला.

आत शिरताच बाहेरचं ऊन एकदम मिटलं. पुढच्या काचेतून बोगद्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड आत येत होता. मागच्या काळ्या काचांपलीकडे मात्र काहीच दिसेना. दिसत होतं ते आतलंच.

गुणगुणणं थांबलं.

"अहो, थांबवा. एक बाई आहे."

"कुठे?"

"बाहेर. आपल्याबरोबर पळतेय." मंदाकिनीबाई काचेवर वाकल्या होत्या. "म्हातारी आहे हो. तिला धाप लागलीये. आत घ्या तिला."

शरच्चंद्रांनी आरशात बघितलं आणि त्यांना कळलं. मंदाकिनीबाईंनी काचेवर हात टेकवला होता आणि पलीकडून दुसऱ्या कुणीतरी हात टेकवला होता.

"मंदा, बाहेर कुणी नाही. ती काच आहे. तूच दिसतेस."

"मी इथे बसलेय," त्या चिडून म्हणाल्या आणि दाराची कडी ओढू लागल्या. दार उघडेना. त्यांनी मूठ आपटली. मग त्यांचं बोट काचेच्या बटणावर गेलं.

काच खाली सरकू लागली. काल संध्याकाळी मोकळं केलेलं लॉकचं बटण पुन्हा दाबायचं राहून गेलं होतं. बोगद्यातला आवाज अंगावर आल्यासारखा गाडीत शिरला. काच जशी खाली गेली तशी तिच्यातली बाईही खाली गेली, आणि दिसेनाशी झाली.

"पडली! अहो, पडली ती!"

मंदाकिनीबाईंनी तिला बघायला खांद्यापर्यंत डोकं बाहेर काढलं.

शरच्चंद्रांचं बोट काच वर घ्यायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थिजलं. वर केली तर काच मानेवर येणार. थांबावं तर बोगद्यात थांबायला जागा नाही, आणि मागे ट्रक, ज्याचे दिवे आरसा भरून टाकत होते. त्यांनी चारही इंडिकेटर लावले, वेग कमी केला. ट्रकने हॉर्न दिला, तो बोगद्यात कितीतरी वेळ घुमत राहिला. उजवीकडून एक बस गेली आणि गाडी हलली.

"मंदा, आत हो. मंदा, ऐक माझं."

त्या ऐकत नव्हत्या. मागे बघत होत्या.

"ती पडली नाही," शरच्चंद्र ओरडले. आपण काय बोलतोय ते त्यांनाही आधी माहीत नव्हतं. "ती पुढे गेली. समोर बघ, पुढे उभी आहे. आत येऊन समोरून बघ."

मंदाकिनीबाईंनी डोकं आत घेतलं. "कुठे?"

"तिथे, उजेड दिसतोय ना, तिथे." त्यांनी काच वर केली आणि लॉकचं बटण दाबून टाकलं. "आपण तिच्याकडेच चाललोय. समोर बघत राहा."

त्या दोन्ही सीटच्या मधून वाकून समोर बघत राहिल्या. त्यांचा श्वास शरच्चंद्रांच्या कानाशी लागत होता. बोगदा संपायला किती वेळ लागला ते त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही.

बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन ते उतरले. मागचं डावं दार उघडून त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यात नख घातलं. नख तुटलं. मग किल्लीने कड उचकटून त्यांनी फिल्म ओढली. ती पट्ट्यापट्ट्यांनी फाटत आली. जाणाऱ्या गाड्यांतून लोक बघत होते. मंदाकिनीबाईही बघत होत्या.

"ती बाई कुठाय?"

"गेली. दुसऱ्या गाडीने गेली."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

साताऱ्याला नंदा फाटकातच उभी होती. मंदाकिनीबाईंनी तिला ओळखलं. नावाने हाक मारली, तिचा हात धरला, आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "नंदा, वाटेत एक म्हातारी पडली ग. आणि हे थांबले नाहीत."

नंदाने शरच्चंद्रांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

जेवणानंतर ताई झोपल्यावर नंदा ओट्यापाशी भांडी आवरत होती. शरच्चंद्र दाराशी येऊन उभे राहिले आणि बोगद्यातलं सगळं त्यांनी सांगितलं. सांगून झालं तरी ते हलले नाहीत.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "मी खाली जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो, नंदा. दूध आणायला, औषधं आणायला. तिला कळतं. ती दार वाजवते."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

नंदाने नळ बंद केला. तिने त्यांची समजूत काढली नाही, रागावलीही नाही. "फोनवर तर दर वेळी सगळं ठीक आहे म्हणायचात."

"हो."

"मी येते तुमच्याबरोबर. पंधरा दिवस राहते. पण मी परतायच्या आधी दिवसभराची बाई ठेवायची. ताई नवीन माणसाला घाबरते, हे मी ऐकणार नाही. ती तुम्हालाही घाबरते आता, मग काय करायचं?"

हे खरं आहे हे शरच्चंद्रांना माहीत होतं; कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाच्या अंगणात ते उजव्या काचेची फिल्म काढायला बसले. गरम पाण्यात फडकं भिजवून हळूहळू सोलली, तेव्हा ती एकसंध निघाली. डाव्या काचेवर डिंकाचे डाग राहिले होते, ते साबणाने घासायला घेतले. मंदाकिनीबाई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय करताय आपण?"

"काच पुसतोय."

त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग बोटाने खालचा कोपरा दाखवला. "इथे राहिलंय."

शरच्चंद्रांनी तिथे घासलं. निघताना बॅग डिकीत टाकून नंदा मागे ताईच्या शेजारी बसली आणि तिने ताईचा हात आपल्या मांडीवर घेतला. गाडी सुरू करायच्या आधी शरच्चंद्रांनी काचांचं बटण बघितलं. फाटकाबाहेर आल्यावर पुन्हा बघितलं. हायवेला लागताना, आत्ताच बघितलंय हे ठाऊक असूनही, त्यांचं बोट पुन्हा त्यावर गेलं.